छताकडं गेलेली वायर

तिसगावच्या फाट्यावर, शेवगावचा रस्ता फुटतो तिथं, गहिनीनाथ पालवे याचं दुकान होतं. तीन बाजूंना पत्रा आणि समोर लिंबाची सावली. पाटी त्यानं स्वतःच्याच हातानं रंगवलेली होती, 'येथे बॅटरी, डायनामो, सेल्फ, हॉर्न रिपेर होईल.' आत भिंतीला खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला वायरीचं एकेक भेंडोळं. त्या खिळ्यांना कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. एखाद्या ट्रक ड्रायव्हरनं उगाच एखादं भेंडोळं काढून दुसरीकडं अडकवलं, तर एरवी मवाळ असलेला गहिनीनाथ हातातलं काम टाकून उठे आणि म्हणे, "जिथलं तिथं ठिवा." लोकांना वाटे, माणूस शिस्तीचा आहे.

खरी गोष्ट अशी होती की त्याला लाल आणि हिरवा रंग वेगवेगळा दिसत नसे. तिसगावात हे त्यानं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्याचं मूळ गाव पाथर्डीच्या पलीकडं डोंगरात. दसरा झाला की आई-बाप गाडीबैल जुंपून ऊसतोडीला कोपरगावकडं निघत, आणि चौदाव्या वर्षापासून गहिनीनाथच्या हातीही कोयता आला. कारखान्याच्या आवारात ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त व्हायचे. तिथं पुंजाराम नावाचा वायरमन होता. मोळ्या उतरवून झाल्या की पोरगं त्याच्याजवळ जाऊन बसायचं. पुंजारामनं आधी हाकललं, मग पाने उचलून द्यायला सांगितलं, मग तिसऱ्या हंगामाला कोयता सोडायला लावून आपल्याच हाताखाली घेतलं.

पुंजाराम लाल वायर मागायचा आणि गहिनीनाथ हिरवी नेऊन द्यायचा.

"कान हायेत का न्हाईत तुला?" पुंजाराम म्हणायचा आणि एक ठेवून द्यायचा. गहिनीनाथ ती वायर ठेवून दुसरी आणायचा. त्याला स्वतःलाही नीट उमगलेलं नव्हतं. त्याला वाटायचं, सगळ्यांनाच असंच मातकट दिसत असणार, फक्त बाकीचे लोक पटकन ओळखतात आणि आपण त्यात मठ्ठ आहोत. म्हणून त्यानं आपली एक रीत बसवली. वायरीचं एक टोक बोटांत धरायचं आणि दुसरं टोक येईपर्यंत सोडायचं नाही. ती मडगार्डच्या आतून जावो नाहीतर इंजिनाच्या पाठीमागून, बोटं तिच्यावरून सरकत जायची. बाकीचे कारागीर रंग बघून पाच मिनिटांत जे सांगत, ते शोधायला गहिनीनाथला अर्धा तास लागे. पण त्यानं एकदा जोडलेली वायर पुन्हा उघडावी लागत नसे, म्हणून पुंजारामनं त्याला ठेवून घेतलं.

त्रेसष्ट साली नगरला एस.टी.च्या वर्कशॉपात भरती निघाली. तोंडी परीक्षेत गहिनीनाथ पास झाला, डायनामो उघडून दाखवायला सांगितला तोही त्यानं दाखवला. मग डोळे तपासायला नेलं. डॉक्टरनं समोर एक पुस्तक धरलं. पानावर रंगीत ठिपके होते.

"कोणता आकडा दिसतो?"

गहिनीनाथला सुपात सांडलेल्या डाळीसारखे ठिपके दिसत होते. आकडा कुठंच नव्हता. त्यानं अंदाजानं आठ म्हटलं. डॉक्टरनं पान उलटलं. पाच पानं झाल्यावर पुस्तक मिटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर कारकुनाला त्यानं विचारलं, "काय लिव्हलंय?"

"डोळ्यांत नापास."

"बांधावर बसलेला व्हला दिसतो मला, साहेब. इथून ते झाड दिसतंय, त्येच्यावरची पानं मोजून दावतो."

"दिसतंय रे तुला," कारकून म्हणाला. "रंग दिसत नाहीत."

तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की इतरांना जे दिसतं ते वेगळं असतं. तो पंचवीस वर्षांचा होता. स्टँडवर बसून त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची लुगडी पाहिली आणि त्यांतलं कोणतं लाल असेल याचा विचार केला. घरी जाऊन सांगितलं की जागा भरल्या होत्या.

पुढल्या वर्षी लग्न झालं. लंकाबाई अंगानं काटक आणि बोलायला कमी. लग्नाच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी मोटेच्या पाण्यावर मिरच्या केल्या होत्या. एकदा तिनं गहिनीनाथला पिकलेल्या मिरच्या तोडायला पाठवलं. त्यानं पाटी भरून आणली. लंकाबाईनं ती चवाळ्यावर ओतली, थोडा वेळ नुसती बघत राहिली आणि मग लाल एका बाजूला, हिरव्या एका बाजूला अशा निवडत बसली.  त्यानंतर तो नगरहून वायरी घेऊन आला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक भेंडोळ्याला सुताच्या गाठी मारलेल्या असत.

"ह्या गाठी कशाच्या?" त्यानं एकदा विचारलं.

"लालला एक, हिरव्याला दोन. तुमी कामात आसता, बघत बसायला कुठं येळ आसतो."

"बरं," तो म्हणाला. आठ वर्षांत त्या दोघांचं या विषयावर एवढंच बोलणं झालं होतं.

त्र्याहत्तरच्या चैत्रात फाट्यावरची वर्दळ निराळी होती. विहिरी आटल्यामुळं शेतातले ट्रॅक्टर उभे होते, पण पाण्याचे टँकर आणि खडीचे ट्रक रात्रंदिवस पळत होते आणि त्यांच्या बॅटऱ्या गहिनीनाथकडं येत. लंकाबाई पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायची. त्या कामावर पाचशे माणूस होतं आणि पाणी टँकरचं, तेही उन्हात तापलेलं. महिनाभरात जुलाब-उलट्यांनी चारजण नगरला न्यावे लागले. त्यांतली एक साळूबाई, त्याच कामावर दगड फोडणाऱ्या भिमाजीची बायको. तिला लंकाबाईनंच उचलून डॉक्टरांच्या गाडीत घातलं होतं. सलाईनची बाटली काही वेळ हातात धरली होती.

साळूबाई नगरला पोचली नाही. करंजीच्या घाटात डॉक्टरांची गाडी बंद पडली. दोन तासांनी एक खडीचा ट्रक आला. तिला त्यात चढवलं, आणि नगर आठ मैलांवर असताना ती गेली.

हे सगळं लंकाबाईनं त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं होतं, चुलीपुढं भाकरी थापताना. "गाडी चांगली चालती हुती निघताना," ती म्हणाली होती.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती गाडी गहिनीनाथच्या लिंबाखाली येऊन उभी राहिली.

गाडी काळी, विलायती बनावटीची, स्वातंत्र्याच्या आगेमागे आलेली. डॉक्टर राधाकृष्ण मुळे यांनी ती नगरच्या एका रिटायर होणाऱ्या साहेबाकडून घेतली होती. डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, अंगावर पांढरा बुशशर्ट, आणि आवाज कधी न चढवणारे. बरोबर आसाराम. तो त्यांचा कंपाउंडर होता, ड्रायव्हर होता आणि गाडीची किरकोळ डागडुजीही तोच करायचा.

"गहिनीनाथ," डॉक्टर म्हणाले, "तीनदा बंद पडली ही. नगरच्या गॅरेजात आठ दिवस ठेवली. ते म्हणतात, काही दोष नाही, बॅटरी जुनी झाली. नवी टाकली. पण माझा आता भरवसा राहिला नाही. हिच्यावर पेशंट घालायचा की नाही, एवढं मला तू सांग."

"बघतो," गहिनीनाथ म्हणाला.

डॉक्टरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "त्यांनी वायरिंगचा नकाशा काढून दिलाय. कोणत्या रंगाची वायर कुठून कुठं जाते, सगळं लिहिलंय."

गहिनीनाथनं कागद घेतला, उघडला, आणि मग सीटवर ठेवून वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर पाना ठेवला. बॉनेट उघडलं. आधी त्यानं फ्यूज काढून पाहिला. फ्यूजमध्ये केसाएवढी एक तार असायला हवी. तिथं चार तारा पिळून वेणी घातलेली होती.

"ह्यो कुनी बांदला?"

"गॅरेजवाल्यानं," आसाराम म्हणाला. "सारखा जळत हुता. दोनदा मी बदलला. मंग गाडी बंद पडायच्या आदीच त्यानं जाड बांदून दिला. म्हनला, आता जळायचा न्हाई."

"त्यो जळत हुता म्हंजी काईतरी सांगत हुता," गहिनीनाथ म्हणाला आणि वेणी काढून जमिनीवर टाकली. डॉक्टरांनी ती उचलली, दोन बोटांत फिरवून पाहिली आणि खिशात ठेवली.

मग त्यानं फ्यूजच्या जागी तात्पुरता वायरीचा तुकडा अडकवला, बॅटरीच्या एका टोकाची वायर सोडवली आणि ती वायर आणि टोक यांच्या मधे ट्रकचा एक बल्ब जोडला. डॉक्टर जवळ आले तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. गाडीतलं सगळं बंद आहे. म्हणजे बॅटरीतून काही जायला नको, आणि बल्ब पेटायला नको. कुठं वायर पत्र्याला टेकली असेल तर सगळा करंट या बल्बातून जाईल आणि तो पेटेल.

बल्ब पेटला नाही. त्यानं स्टेअरिंग हलवलं, दारं आपटली, आसारामला मागच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबायला लावली. बल्ब काळाच.

"गॅरेजात बी आसंच केलं त्यांनी," आसाराम म्हणाला.

गहिनीनाथ डॅशबोर्डाखाली उताणा झोपला आणि फ्यूजपासून निघणाऱ्या वायरी एकेक करून बोटात धरू लागला. एक हॉर्नला गेली. एक ब्रेकच्या दिव्याला. त्यांच्याच जोडीला आणखी एक होती, मागाहून कुणी तरी जोडलेली, जुनाट चिकटपट्टी गुंडाळलेली. ती पायापाशी चटईखाली गेली, तिथून दाराच्या खांबात शिरली आणि वर चढली. खांबावरचं कापड त्यानं नखानं थोडं उचकलं. वायर छतापर्यंत गेलेली होती.

"छतात काय हाय?"

"काई न्हाई," आसाराम म्हणाला. "पूर्वी दिवा हुता. त्यो गॅरेजवाल्यानं बघितला. छताची वायर जांभळी आसती म्हनला, आन ती हितं खाली तोडलेलीच हाय. मेलेली हाय ती लाईन."

"ही मेलेली न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "ही वर जाती, आन फ्यूजवर हाय."

आसारामनं वाकून पाहिलं. "ही तर हिरवी हाय. हिरवी वर कशी आसंल?"

गहिनीनाथ डॅशबोर्डाखालून सरकला. तो बाहेर आला, हात पुसले आणि लिंबाच्या बुंध्याशी बसला. वायर सापडली होती, पण ती कुठं टेकत होती, आणि कधी, ते कळलेलं नव्हतं. उभ्या गाडीत सगळं ठीक होतं. त्यानं आसारामला तीनही वेळा काय झालं होतं ते विचारलं.

आसारामनं सांगितलं. पहिल्यांदा पाथर्डीहून येताना, माघात. इंजिनानं दोन झटके खाल्ले आणि गप्प झालं. नवा जाड फ्यूज घातलेला होता, तरी जळालेल्या रबराचा वास येत होता, त्याला वाटलं क्लचचा असेल. दुसऱ्यांदा तलावाच्या कामावरूनच, एका म्हाताऱ्याला घेऊन. आणि तिसऱ्यांदा घाटात.

"पहिल्यांदा गाडीत कोन हुतं?"

"पेशंटच. एक बाळंतीण. डॉक्टर पाठीमागं बसले हुते."

"मोकळ्या गाडीला कवा झालं का?"

आसारामनं बोटांवर फेऱ्या मोजल्या. "न्हाई. मोकळी तर नगरला चारदा जाऊन आली."

गहिनीनाथ उठला. त्याला वाटलं, मागच्या सीटवर वजन आलं की सीटची स्प्रिंग खाली कुठल्यातरी वायरीवर दाबत असेल. त्यानं आसारामला पेशंटसारखं आडवं झोपायला लावलं. आसाराम पाय दुमडून झोपला. गहिनीनाथनं गाडी हलवली. बल्ब पेटला नाही. मग डॉक्टरही आत बसले. तरी नाही. टँकरचे दोन ड्रायव्हर चहाचे कप घेऊन बघायला आले होते. "डागदर, आसारामला काय झालंय?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मग तसंच पुढं म्हणाले, "नुसतं झोपवून थोडंच नेतो आम्ही. सलाईन असतं."

गहिनीनाथनं वर पाहिलं. मागच्या सीटच्या वर, छताच्या कापडातून एक लोखंडी आकडा बाहेर आलेला होता. दारामागं पिशव्या अडकवायला लावतात तसा.

"बाटली हाय का?"

आसारामनं डिकीतून भरलेली बाटली काढली आणि दोरीनं आकड्याला अडकवली. बल्ब तसाच राहिला. गहिनीनाथनं मडगार्डला दोन्ही हात लावून गाडी हळूहळू झुलवायला सुरुवात केली, खड्ड्यातून जाते तशी. बाटली हेलकावे खाऊ लागली, आकडा तिच्याबरोबर किंचित झुकू लागला, आणि बल्ब एकदा मिणमिणून लख्ख पेटला. आणखी एक झोला दिला तेव्हा तो पेटलेलाच राहिला.

गहिनीनाथ पुढं गेला आणि फ्यूजमधून ती तिसरी वायर उपटली. बल्ब विझला. पुन्हा टेकवली, पुन्हा पेटला.

छताचं कापड उसवायला वेळ लागला नाही. आकड्याचा स्क्रू छताच्या पट्टीतून तिरपा जाऊन पलीकडं अर्धा इंच बाहेर आला होता आणि त्याचं टोक वायरीच्या अंगाला लागलेलं होतं. रबर तिथं खरवडलं गेलं होतं, आतली तांब्याची तार काळी पडली होती, आणि भोवतीचं कापड तळहाताएवढं करपलं होतं. बाटली नसली की टोक वायरीपासून सुटून राही. बाटली लावून गाडी हलली की टोक तारेत रुते, आणि बॅटरीतला सगळा करंट पत्र्यात जाई. जाड फ्यूजमुळं तो अडत नव्हता. अर्ध्या-पाऊण तासात इंजिनाला ठिणगीपुरतीही वीज उरत नसे.

तिघेही ते वाकून पाहत होते. आकडा कुणी बसवला हे गहिनीनाथनं विचारलं नाही. आसारामचा चेहरा पाहून ते कळतच होतं.

"त्या दिवशी घाटात हेच झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

 नक्की सांगता येत नाही, बॅटरीही जुनी होती, असं गहिनीनाथला म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. चुलीपुढं बसलेली लंकाबाई त्याच्या डोळ्यांपुढं आली. बाटली आपण धरली होती आणि गाडी निघाली तेव्हा ती आकड्याला लावली, असं ती म्हणाली होती.

"व्हय," तो म्हणाला. "हेच."

डॉक्टरांनी मान हलवली. ते आसारामकडं न बघता म्हणाले, "आकडा बसवायला मी सांगितलं होतं. बाटली धरायला माणूस मिळत नाही, म्हणून." मग ते लिंबाखालच्या खाटेवर जाऊन बसले. आसाराम गाडीपासून हलला नाही. त्याच्या हातात तो स्क्रू होता.

गहिनीनाथनं करपलेला तुकडा कापला आणि ती छताची वायर मुळापासूनच काढून टाकली. आकड्याची जागा बदलली. आता तो पट्टीला न लावता दोन खांबांच्या मधे बांधलेल्या लाकडी दांडीला लावला. फ्यूजमध्ये एकच बारीक तार ओवली. हे करत असताना डॉक्टर उठून आले आणि सीटवरचा कागद उचलला. त्यावरचा पाना त्यांनी बाजूला ठेवला.

"हा तू पाहिलाच नाहीस."

"न्हाई."

"याच्यात हिरवी वायर मागच्या दिव्याची लिहिलीय. हे पाहिलं असतंस तर तूही फसला असतास. आता असं कर, तूच एक खरा नकाशा काढून दे. रंग लिही प्रत्येकाचा. पुन्हा कुणी हात लावला तर घोटाळा नको."

गहिनीनाथ पक्कड हातात धरून उभा राहिला. दहा वर्षं त्यानं असे प्रसंग टाळले होते. कधी चष्मा घरी राहिला म्हणे, वास्तविक त्याला चष्माच नव्हता, कधी गिऱ्हाइकालाच वाचायला लावी. डॉक्टरांनी थोड्या वेळापूर्वी आकड्याबद्दल जे बोलून टाकलं होतं, त्यानंतर असलं काही तोंडातून निघेना.

"मला रंग कळत न्हाईत, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "लाल कुठली आन हिरवी कुठली, मला सारखीच दिसती."

टँकरवाले गेलेले होते. आसारामनं ऐकलं, पण तो स्क्रूकडंच बघत होता.

"लहानपणापासून?"

"व्हय. ष्टीत नापास केला हुता त्येच्यापायी."

"मामा आहे का तुला?"

"एक हुता. दगडूमामा."

"त्यालाही बहुधा असंच असणार. आईच्या अंगानं येतं हे. रोग नाही, आणि औषधही नाही." डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "मग तुझ्या रीतीनं कर. खुणा तू ठरव, मी लिहून घेतो."

गहिनीनाथला दगडूमामा आठवला. शेंदरी फेटा समजून भलताच फेटा बांधून लग्नाला आलेला, आणि वऱ्हाडी हसत होते तरी का हसतात हे न कळलेला. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली होती. मामा मरूनही सहा वर्षं झाली होती. सांगायला आता कुणी नव्हतं.

त्यानं पत्र्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्यांवर खिळ्यानं एक, दोन, तीन अशा टिंबांच्या खुणा ठोकल्या आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्या गुंडाळल्या. डॉक्टर कागदावर लिहीत होते, एक टिंब हॉर्न, दोन टिंबं ब्रेकचा दिवा. दुपारपर्यंत हे चाललं.

काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "तलावावर जाऊन येऊ. तूही चल."

तलावावर माणसं सावलीपुरत्या उभ्या केलेल्या कापडांखाली टेकली होती. भिमाजी एकटाच उन्हात दगड फोडत होता. डॉक्टर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितलं. गाडी का बंद पडली, आकडा कुणाच्या सांगण्यावरून बसला, वायर कशी जळाली. त्यांनी खिशातून ती तारांची वेणीही काढून दाखवली. भिमाजी ऐकत होता. हातोडा त्यानं मांडीवर आडवा ठेवला होता.

"मंग ती गाडीनं मेली का आजारानं?" त्यानं विचारलं.

"आजारानं. पण वेळेत पोचलो असतो तर वाचली असती बहुतेक."

भिमाजीनं वेणीकडं पाहिलं, हातात घेतली नाही. गहिनीनाथकडं वळून म्हणाला, "तू लंकाचा मालक ना? आता नीट झाली का गाडी?"

"झाली, आण्णा."

"नक्की?"

"नक्की."

"मंग त्या भागूबाईला न्या," भिमाजी म्हणाला. "सकाळधरनं चार येळा परसाकडं गेली. तिकडं खोपटात हाय." आणि त्यानं हातोडा उचलून पुढचा दगड ओढला.

भागूबाई साठीची, डोळे आत गेलेले. आसाराम आणि लंकाबाईनं तिला सीटवर निजवलं. डॉक्टरांनी सुई लावली. बाटली हातात घेऊन लंकाबाई उभी राहिली आणि नवऱ्याकडं बघू लागली. गहिनीनाथनं ती तिच्या हातातून घेऊन नव्या आकड्याला अडकवली, आणि पुढच्या सीटवर आसारामशेजारी बसला.

करंजीचा घाट लागला. गहिनीनाथ रस्त्याकडं बघत नव्हता. डॅशबोर्डावर करंटचा काटा होता, त्याच्यावरून त्यानं नजर काढली नाही. खड्डा आला की पाठीमागं बाटली दांडीवर टक् वाजायची आणि काटा जागचा हलायचा नाही. जिथं गाडी बंद पडली होती त्या वळणावर आसारामनं गिअर बदलला.  चार वाजायच्या आत ते नगरला पोचले आणि भागूबाईला दवाखान्यात घेतलं. ती आठव्या दिवशी एस.टी.नं परत आली आणि तिसगावच्या फाट्यावर उतरून, बॅटरीचं दुकान कोणतं ते विचारत, गहिनीनाथला बघून गेली.

भागूबाईला पोचवून त्या दिवशी परत येताना डॉक्टर मागच्या सीटवर झोपले होते. घाट उतरून गाडी सपाटीला लागल्यावर आसाराम म्हणाला, "नाथा, मी अर्धा इंच आखूड स्क्रू घेतला आसता तर?"

"तर लागला नसता," गहिनीनाथ म्हणाला.

"त्या डब्यात दोन्ही हुते. आखूड बी आन लांब बी. लांब पक्का बसंल, म्हनून लांब घेतला."

"व्हय. कुनीबी लांबच घेतला आसता."

आसारामनं मान हलवली.  पुढं तो ती गाडी सहा वर्षं चालवत होता, डॉक्टरांनी ती विकेपर्यंत. तीत एक खिळा जरी ठोकायचा असला तरी तो फाट्यावर येऊन थांबे आणि म्हणे, "जरा बघ बरं, हिच्या मागं काय हाय?" मग गहिनीनाथ हातातलं काम ठेवून उठे आणि पत्र्यामागं बोटं घालून बघून सांगे.